वाचकांचे प्रश्न: पोलीस ठाण्याचे माप कोणत्या वहीतून घ्यावे?

पोलिसांचे वर्तन, त्यांचे उत्तरदायित्व आणि त्यांच्यावर होणारा खर्च यांविषयी गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न: न्यायव्यवस्थेच्या एका राष्ट्रीय अहवालात महाराष्ट्र पहिला आल्याची बातमी काही वर्षांपूर्वी वाचली होती आणि अभिमानही वाटला होता. मागच्या पावसाळ्यात माझ्या पुतण्याच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली, तेव्हा तक्रार नोंदवून घ्यावी म्हणून त्याच्या ठाण्यात चार खेपा झाल्या. मग तो पहिला क्रमांक नेमका कशाचा होता?
— एक निवृत्त शिक्षक, नांदेड जिल्हा

उत्तर: आपण वाचलेली बातमी ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट’ या अहवालाची असावी. टाटा ट्रस्ट्सच्या पुढाकाराने तो २०१९ साली प्रथम निघाला. त्या वर्षीच्या आणि २०२०च्या अहवालात एक कोटीहून अधिक लोकसंख्येच्या अठरा राज्यांमध्ये महाराष्ट्र पहिला होता. त्यापुढच्या अहवालांत ते स्थान कर्नाटकाकडे गेले. पोलीस, न्यायालये, तुरुंग आणि विधी साहाय्य या चार अंगांनी राज्यांची तुलना त्यात केली जाते. पोलिसांच्या बाबतीत मंजूर पदांपैकी किती भरलेली आहेत, महिलांचे आणि राखीव प्रवर्गांचे प्रमाण किती आहे, मिळालेला निधी किती वापरला गेला, एका ठाण्यामागे किती लोकसंख्या येते, अशा गोष्टी तपासल्या जातात. म्हणजे हे माप क्षमतेचे आहे आणि त्या मर्यादेत ते मोलाचे आहे, कारण ज्या ठाण्यात माणसेच नाहीत तिथे चांगल्या वर्तनाची अपेक्षा करणेही कठीण असते. मात्र तक्रार घेऊन आलेल्या माणसाला ठाणे अंमलदाराने बसायला सांगितले की उद्या या असे सांगितले, हे त्या क्रमांकात कोठेही उतरत नाही.

वर्तनाचे आकडे म्हणून बहुतेक लोक राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या वार्षिक अहवालाकडे वळतात. त्यातले आकडे नोंदलेल्या गुन्ह्यांचे असतात. गुन्हे वाढणे आणि गुन्ह्यांची नोंदणी वाढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ब्युरोनेही स्पष्ट केलेले आहे. शिवाय एका प्रथम खबरी अहवालात (एफआयआरमध्ये) अनेक कलमे असली तरी त्यांतला सर्वांत गंभीर गुन्हाच मोजला जातो. आपल्या पुतण्याची तक्रार चौथ्या खेपेला नोंदली गेली, ती त्या वर्षीच्या चोऱ्यांमध्ये एकाने मिळवली जाईल. आधीच्या तीन खेपा मात्र कोणत्याही वहीत नाहीत, आणि वर्तन कळायचे तर ते त्या तीन खेपांवरूनच कळायला हवे.

प्रथम खबरी अहवालाचा छापील नमुना कधी बारकाईने पाहा. घटना केव्हा घडली, खबर ठाण्यात केव्हा मिळाली, स्टेशन डायरीतील नोंदीचा क्रमांक काय, हे सारे त्यात लिहावे लागते. तक्रारदाराने उशीर केला असेल तर त्याचे कारण लिहायलाही स्वतंत्र रकाना आहे. ठाण्याने उशीर केला असेल तर तो लिहायला मात्र रकाना नाही. त्यामुळे चार खेपा घालणाऱ्या माणसाच्या अहवालातही उशीर त्याच्याच नावावर जमा होण्याची शक्यता असते. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर मिळाल्यास ती नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी घटनापीठाच्या निकालाने सांगितले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार खबर इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवून तीन दिवसांच्या आत सही करता येते. ठाण्याने नकार दिल्यास तीच खबर टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते आणि तिथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. पहिल्या खेपेला नकार मिळाला की त्याच दिवशी रजिस्टर टपाल करावे, असा माझा आग्रह असतो. त्या पावतीवर तारीख असते, आणि नाकारलेली तक्रार मोजता येण्यासाठी ती आधी कागदावर यावी लागते.

प्रश्न: आमच्या अभ्यासगटाला जिल्ह्यातील सर्व पोलीस ठाण्यांची तुलना करायची आहे. गुन्ह्यांची संख्या, अटकेची संख्या आणि दोषसिद्धीचे प्रमाण अशा तीन गोष्टी घेण्याचे ठरले आहे. हे पुरेसे होईल काय, आणि माहिती कशी मागवावी?
— पदव्युत्तर वर्गातील एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर: जिल्ह्याऐवजी ठाणे हा एकक धरण्याचा आपला निर्णय योग्य आहे. राज्याच्या सरासरीत चांगले आणि वाईट ठाणे एकमेकांना झाकून टाकतात, आणि नागरिकाचा संबंध येतो तो राज्याशी नव्हे, ज्याच्या हद्दीत तो राहतो त्या ठाण्याशी. मात्र आपण निवडलेल्या तीन गोष्टी जशाच्या तशा घेतल्या तर तक्ता दिशाभूल करील.

समजा, सारख्या लोकसंख्येची दोन ठाणी आहेत. पहिल्यात वर्षभरात ९०० दखलपात्र गुन्हे आणि ६०० अदखलपात्र नोंदी झाल्या. दुसऱ्यात ३०० गुन्हे आणि २,१०० अदखलपात्र नोंदी झाल्या. बातमीत दुसरे ठाणे शांत ठरेल. प्रत्यक्षात तिथे अधिक लोक गाऱ्हाणे घेऊन आले आणि त्यांतल्या फार मोठ्या भागाला एनसीचा, म्हणजे अदखलपात्र नोंदीचा, कागद हातात देऊन परत पाठवण्यात आले. म्हणून पहिला आकडा हवा तो एकूण नोंदींमध्ये दखलपात्र गुन्ह्यांचा वाटा किती, याचा. अदखलपात्र नोंदींचा दैनंदिन अहवाल दर पंधरवड्याला दंडाधिकाऱ्यांकडे पाठवण्याची तरतूद नव्या संहितेच्या कलम १७४ मध्ये आहे. त्यामुळे ठाण्यातली नोंद आणि न्यायालयात गेलेली नोंद जुळते की नाही, हेही आता पाहता येते.

यावर एक अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी एका ठाण्यात माहिती अधिकाराखाली अभिलेखांचे अवलोकन करण्याची परवानगी मिळाली होती. एका महिन्याच्या अदखलपात्र नोंदी आणि गहाळ वस्तूंच्या नोंदी समोर ठेवून मी त्या ओळीने वाचत गेले. जवळजवळ प्रत्येक अदखलपात्र नोंदीच्या शेवटी ‘फिर्यादीस कोर्टात दाद मागण्याची समज दिली’ हे एकच वाक्य होते, एकाच वळणाच्या अक्षरात. गहाळ वस्तूंच्या वहीत एका महिलेचा मोबाईल ‘बाजारातून येताना गहाळ’ असा लिहिलेला होता. सोबत तिचा स्वतःच्या हाताने लिहिलेला अर्ज टाचणीने लावलेला होता, आणि त्यात दुचाकीवर मागे बसलेल्या मुलाने फोन हातातून ओढून घेतला, बांगडी फुटून मनगटाला लागले, असे लिहिले होते. जबरी चोरीचा गुन्हा एका शब्दाने गहाळ झाला होता. त्या दिवसापासून कोणत्याही ठाण्याचा तक्ता करताना ‘मोबाईल चोरी’ आणि ‘मोबाईल गहाळ’ या दोन संख्या मी शेजारी शेजारी लिहिते. शेजारच्या ठाण्यांपेक्षा एखाद्या हद्दीतले लोक अचानक विसरभोळे झालेले दिसले की प्रश्न कोठे विचारायचा ते कळते.

तपासाच्या बाबतीत आपल्याकडे समरीची, म्हणजे तपास बंद करताना न्यायालयाला द्यायच्या अहवालाची, जुनी पद्धत आहे आणि ती फार बोलकी आहे. गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही, तर ‘अ’ समरी. तक्रार खोटी आणि हेतुपुरस्सर केलेली असल्याचे तपासात आढळले तर ‘ब’ समरी. गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची निघाली तर ‘क’ समरी. एखाद्या ठाण्यात महिलांच्या किंवा अनुसूचित जातीजमातींच्या तक्रारींमध्ये ‘ब’ समरीचे प्रमाण शेजारच्या ठाण्यांपेक्षा बरेच अधिक असेल, तर तक्रारदार खोटारडे आहेत असा निष्कर्ष काढण्याआधी ते अहवाल न्यायालयाने स्वीकारले की पुढील तपासाचा आदेश दिला, हे पाहायला हवे. न्यायालयाने परत पाठवलेल्या समरी अहवालांचे प्रमाण हा माझ्या मते तपासाच्या प्रामाणिकपणाचा फार चांगला निकष आहे, कारण त्यात निर्णय पोलिसांबाहेरच्या व्यक्तीचा असतो.

अटकेची नुसती संख्या घेऊ नये. अटक अधिक म्हणजे काम अधिक, ही समजूत अजून आपल्या डोक्यातून गेलेली नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक आवश्यक असल्याची कारणे नोंदवावी लागतात, अन्यथा हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते, हे अर्नेश कुमार प्रकरणाच्या २०१४च्या निकालाने पक्के केले आणि नव्या संहितेच्या कलम ३५ मध्येही ते आहे. म्हणून अशा गुन्ह्यांत किती जणांना नोटीस दिली आणि किती जणांना अटक केली, हे प्रमाण घ्यावे. जमल्यास प्रत्यक्ष ठाण्यात जाऊन आणखी एक गोष्ट पाहावी. संहितेच्या कलम ३७ नुसार अटक केलेल्या व्यक्तींची नावे, पत्ते आणि आरोपाचे स्वरूप ठाण्यात ठळकपणे लावलेले असले पाहिजे. फलक आहे का, आणि असल्यास शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे, एवढे दोनच रकाने आपल्या तक्त्यात वाढवा. या पाहणीला अर्जही लागत नाही.

दोषसिद्धीचे प्रमाण जपून वापरावे. ब्युरोच्या पद्धतीत ते खटला पूर्ण झालेल्या प्रकरणांवर काढले जाते. आज दिसणारे प्रमाण कित्येक वर्षांपूर्वीच्या तपासाचे असते आणि त्यात सरकारी वकील, फितूर होणारे साक्षीदार व न्यायालयातील विलंब यांचाही हात असतो. आजच्या ठाणेप्रमुखाच्या खात्यावर ते टाकणे अन्यायाचे होईल.

माहिती अधिकाराखाली माहिती मागवताना लक्षात ठेवा की आपल्या राज्याच्या नियमांनुसार अर्ज एका विषयाचा आणि साधारण १५० शब्दांचा असावा लागतो. शुल्क दहा रुपये आहे, उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे आणि पहिल्या अपिलाला वीस रुपयांचा मुद्रांक लागतो. आयते तक्ते मागितले तर ‘माहिती या स्वरूपात संकलित केलेली नाही’ असे उत्तर हमखास येते, म्हणून मासिक गोषवाऱ्याच्या प्रती किंवा अवलोकन मागावे. अवलोकनाचा पहिला तास विनाशुल्क असतो. तपासात अडथळा येईल हे माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ज)चे कारण एखाद्या चालू प्रकरणाच्या कागदांना लागू होऊ शकते, वर्षभराच्या निव्वळ संख्यांना ते कसे लागू होते हे अपिलात अवश्य विचारावे.

प्रश्न: पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे तक्रारी वाढल्या, याचा अर्थ पोलीस बिघडले असा घ्यावा काय?
— एक वाचक, चंद्रपूर

उत्तर: नाही, निदान लगेच तरी नाही. पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी दिलेल्या निर्देशांत राज्य आणि जिल्हा अशा दोन्ही पातळ्यांवर तक्रार प्राधिकरण असावे असे सांगितले होते. महाराष्ट्राने २०१४ साली पोलीस कायद्यात दुरुस्ती करून राज्य पातळीवर एक आणि जिल्ह्यांऐवजी विभागीय पातळीवर प्राधिकरणे ठेवली. राज्य प्राधिकरणाचे अध्यक्षपद उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्तींकडे असते. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, कार्यपद्धती न पाळता केलेली अटक, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणे अशा तक्रारी तिथे करता येतात. आता आपल्याच भागाचा विचार करा. विभागाचे ठिकाण नागपूर, आणि सिरोंच्याहून नागपूर तीनशे किलोमीटरहून अधिक दूर. तिथून तक्रारी कमी येतात म्हणून तिथले पोलीस आदर्श आहेत, असे म्हणता येईल का? तक्रारींची संख्या ही लोकांचा विश्वास, अंतर, माहिती आणि भीती या साऱ्यांची मिळून असते.

म्हणून संख्या सोडून तक्रारीचा प्रवास मोजावा. किती तक्रारी आल्या, त्यांतल्या किती कार्यकक्षेबाहेर म्हणून बंद झाल्या, किती प्रकरणांत सुनावणी झाली, किती शिफारशी शासनाकडे गेल्या, शासनाने किती स्वीकारल्या आणि पहिल्या तारखेपासून शेवटपर्यंत किती महिने लागले. न्यायालयाला अपेक्षा होती की प्राधिकरणाची शिफारस बंधनकारक असावी. आपल्या कायद्यात मात्र अहवाल शासनाकडे जातो आणि स्वीकारायचा की नाही हे शासन ठरवते. त्यामुळे ‘शिफारस’ आणि ‘स्वीकार’ यांच्यातली गळती हा आपल्या राज्यापुरता सर्वांत महत्त्वाचा आकडा ठरतो, असे मला वाटते.

याच ओघात एक सूचना करते. वर्तमानपत्रात ‘तीन पोलीस निलंबित’ असा मथळा आला की आपण शिक्षा झाली असे समजतो. निलंबन ही शिक्षा नाही. चौकशी चालू असताना माणसाला कामापासून दूर ठेवण्याची ती व्यवस्था आहे आणि त्या काळात निर्वाह भत्ता मिळत असतो. विभागीय चौकशी पूर्ण झाली का, आणि शेवटी सक्त ताकीद मिळाली, वेतनवाढ रोखली, पदावनती झाली की बडतर्फी, हे कळल्याशिवाय जबाबदारी निश्चित झाली असे म्हणू नये.

कोठडीतील मृत्यूंच्या बाबतीत पडताळणीची संधी अधिक आहे, कारण त्याची नोंद एकाच ठिकाणी राहत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या १९९३च्या निर्देशानुसार चोवीस तासांत आयोगाला कळवावे लागते. संहितेच्या कलम १९६ नुसार न्यायदंडाधिकाऱ्यांची स्वतंत्र चौकशी होते आणि ब्युरोकडेही आकडा जातो. आयोगाच्या आकड्यांत पोलीस कोठडी आणि न्यायालयीन कोठडी अशा दोन्हींतले मृत्यू असतात, तेव्हा तुलना करण्यापूर्वी ते वेगळे करून घ्यावेत. त्यानंतरही एखादा मृत्यू एका यादीत असेल आणि दुसऱ्या यादीत नसेल, तर प्रश्न त्या एका नावापासून सुरू करावा.

प्रश्न: माझे यजमान वीस वर्षे पोलीस शिपाई आहेत. सणाला घरी नसतात, मुलांच्या परीक्षांच्या वेळी बंदोबस्तावर असतात. पोलिसांचे वर्तन मोजायला सगळे पुढे येतात, पण त्यांच्या वाट्याला काय येते ते कोणी मोजते का?
— एक गृहिणी, ठाणे जिल्हा

उत्तर: ताई, आपला प्रश्न मोजमापाच्या बाहेरचा नाही, तो त्याच्या मध्यभागी आहे. ‘कॉमन कॉज’ आणि ‘लोकनीती’ यांच्या २०१९च्या पाहणीत देशभरातील पोलीस दिवसाला सरासरी चौदा तास काम करतात असे आढळले होते. चौदाव्या तासाला समोर आलेल्या तक्रारदाराशी माणूस कसा बोलेल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. त्याने मारहाण वा लाच क्षम्य ठरत नाही, पण कोणत्या ठाण्यात तक्रारी का होतात हे शोधताना हजेरीपट बाजूला ठेवणे चुकीचे आहे.

दिल्लीचा पोलीस संशोधन आणि विकास ब्युरो दरवर्षी १ जानेवारीची स्थिती धरून राज्यवार मंजूर पदे, रिक्त पदे, वाहने आणि निवासस्थाने यांचे आकडे प्रसिद्ध करतो. तो उपयोगी आहे, पण ठाण्यातले चित्र त्यात दिसत नाही. एखाद्या ठाण्यात साठ पदे मंजूर आणि त्यांतली पन्नास भरलेली असतील. त्या पन्नासांतून न्यायालयीन काम, समन्स, कैद्यांची ने-आण करणारी कैदी पार्टी, वरिष्ठांच्या कार्यालयात ‘संलग्न’ असलेले, रजेवरचे आणि बंदोबस्ताला गेलेले वजा केले की गस्तीला आणि तपासाला किती उरतात, हा खरा आकडा आहे. गणेशोत्सव, आषाढी वारी, निवडणुका, अधिवेशन अशा काळात तो आणखी खाली जातो. दर महिन्याच्या एका ठरावीक तारखेचा ड्युटी तक्ता घेतला तरी वर्षाअखेरीस पुरेसे कळते. मुंबईत २०१६ साली देवनार पोलीस ठाण्यातून आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला होता, आणि तो एका शिपायाने मांडलेल्या आराखड्यावर उभा होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. साप्ताहिक सुटी प्रत्यक्षात किती आठवडे मिळाली, हा रकाना प्रत्येक मूल्यमापनात असायलाच हवा.

आणखी एक माप तर भिंतीवरच असते. पुष्कळ ठाण्यांत वरिष्ठ निरीक्षकांच्या खुर्चीमागे लाकडी फलक असतो आणि त्यावर आजवरच्या प्रभारी अधिकाऱ्यांची नावे ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ या तारखांसह रंगवलेली असतात. ठाणेप्रमुखाला किमान दोन वर्षे मिळावीत, असे प्रकाश सिंह निकालात सांगितले आहे. त्या फलकावरच्या शेवटच्या सहा ओळी वाचाव्यात. पाच महिने, अकरा महिने, सात महिने अशा ओळी असतील तर त्या ठाण्यात कोणीही कोणत्याही कामाची जबाबदारी घेण्याइतका काळ थांबलेला नाही, आणि आपल्या यजमानांसारख्या शिपायांना दर काही महिन्यांनी नव्या साहेबांची नवी रीत शिकावी लागली आहे, हे लगेच कळते.

प्रश्न: मी लेखापाल आहे. राज्य पोलिसांवर किती खर्च करते आणि त्या खर्चाचा वर्तनाशी काही संबंध लावता येतो का, हे मला अर्थसंकल्पावरून समजून घ्यायचे आहे. कोठून सुरुवात करावी?
— एक वाचक, जळगाव

उत्तर: आपल्या व्यवसायामुळे अर्धे काम सोपे आहे. राज्याच्या अर्थसंकल्पात पोलिसांचा महसुली खर्च प्रधान शीर्ष २०५५ खाली आणि भांडवली खर्च ४०५५ खाली दिसतो. घरांचा खर्च बहुधा गृहनिर्माणाच्या शीर्षाखाली जातो, म्हणून या दोहोंची बेरीज म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. प्रत्येक ओळीत मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज असतो. बातम्या पुढील वर्षाच्या अंदाजावर लिहिल्या जातात. आपण प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यावर बोट ठेवावे, आणि तो महालेखापरीक्षकांच्या विनियोजन लेख्यांशी, म्हणजे मंजूर रक्कम आणि झालेला खर्च यांच्या हिशेबाशी, जुळवून पाहावा. किती रक्कम परत गेली आणि किती खर्च मार्च महिन्यात झाला, हे तिथे कळते.

महसुली खर्चाचा फार मोठा भाग वेतनाचा असतो. त्यामुळे दरडोई खर्च वाढला म्हणजे सेवा सुधारली असे समजू नये. वेतन आयोग लागू झाला तरी तो वाढतो. जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना तर अधिकच फसवी आहे. गडचिरोलीत नक्षलविरोधी कामाचा खर्च आहे आणि त्यातला काही भाग केंद्र परत देते. हिंगोलीसारख्या लहान जिल्ह्यात राज्य राखीव दलाचा गट आहे, पण तो गट राज्यभर बंदोबस्ताला जातो. आधुनिकीकरणाच्या योजनेत आपल्या राज्यासाठी केंद्राचा वाटा ६० आणि राज्याचा ४० टक्के असतो, आणि आधीच्या हप्त्याचा पैसा ठरल्या कामी वापरल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र रखडले की पुढचा हप्ताही रखडतो. अशा गोष्टी बाजूला काढल्यावर वेतनेतर खर्चातून ठाण्याला काय मिळते ते पाहावे: इंधन, स्टेशनरी, आरोपीचे जेवण, साक्षीदारांचा प्रवास, न्यायवैद्यक नमुने पोहोचवणे. ही रक्कम अपुरी असली की कागदाचे रीम तक्रारदाराकडून मागवले जाते आणि गाडीत डिझेल कोणी भरायचे हा प्रश्न निघतो. लहान लाचेची सवय पुष्कळदा याच फटीतून आत येते.

एक खर्च मात्र अर्थसंकल्पात शोधून सहज सापडत नाही. कोठडीतील मृत्यूबद्दल भरपाई देण्याची जबाबदारी राज्याची आहे, हे नीलबती बेहरा प्रकरणात १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. न्यायालये आणि आयोग यांच्या आदेशांनुसार ही भरपाई सरकारी तिजोरीतून दिली जाते, पण ती कोणत्या ठाण्याच्या कृत्यामुळे द्यावी लागली, याची ठाणेनिहाय बेरीज नागरिकांसमोर येत नाही. गृह विभागाकडे गेल्या पाच वर्षांतील अशा आदेशांची तारीख, रक्कम, ठाणे आणि दोषी कर्मचाऱ्याकडून झालेली वसुली, एवढ्या चार रकान्यांची माहिती मागवावी.

खर्च आणि वर्तन यांची गाठ सर्वांत स्पष्ट दिसते ती ठाण्यातल्या कॅमेऱ्यांत. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्याचे प्रवेशद्वार, कोठडी, मार्गिका, अधिकाऱ्यांच्या खोल्या अशा ठिकाणी आवाज टिपणारे आणि रात्रीही दिसेल असे कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला. चित्रण अठरा महिने जपावे, आणि तशी साधने मिळत नसतील तरी एक वर्षाहून कमी नाही, असे त्यात आहे. देखरेखीसाठी राज्य आणि जिल्हा समित्याही नेमायच्या आहेत. खरेदीचा आकडा मिळवणे अवघड नाही. पण एका प्रकरणात कुटुंबाच्या वतीने मी चित्रणाची मागणी केली होती, तेव्हा ‘सदर दिवशी तांत्रिक बिघाडामुळे फुटेज उपलब्ध नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले. बिघाडाची नोंद आणि दुरुस्तीचे बिल मागितले, तर तशी नोंद नसल्याचे कळवण्यात आले. कॅमेरा बंद होता हे मान्य, पण तो बंद असल्याचे कोणाला कळवले नाही, कोणी दुरुस्त केला नाही आणि दुसऱ्या दिवशी तो आपोआप चालू झाला, असा त्या दोन उत्तरांचा मिळून अर्थ होत होता. त्या कुटुंबाला ते कागद वाचून दाखवताना माझा आवाज स्थिर राहिला नाही.

म्हणून कॅमेऱ्यांच्या बाबतीत आपण अर्ज करताना किती कॅमेरे बसवले हे विचारू नका. जिल्हा देखरेख समितीच्या बैठकांची इतिवृत्ते, प्रत्येक ठाण्याचे दरमहा किती तास चित्रण बंद होते त्याची नोंद, देखभाल कंत्राटदाराला दिलेली रक्कम आणि बिघाडाबद्दल कापलेला दंड, या गोष्टी मागा. कंत्राटाची रक्कम पूर्ण दिली गेली असेल, दंड शून्य असेल आणि बंद तासांची नोंदच ठेवलेली नसेल, तर पहिले अपील त्या नोंदवहीसाठीच करा.